समुद्रातलं जुनं लोखंड मुद्दाम गंजवून संपवता येईल का?

परवा जिन्यात तू अर्धा प्रश्न विचारलास आणि उरलेला रात्री कागदावर लिहून दाराखालून सरकवलास. प्रश्न असा: ‘मावशी, तेल संपल्यावर समुद्रातले प्लॅटफॉर्म, पाइपलाइनी, विहिरींच्या तोंडावरची यंत्रं काढायला अफाट खर्च येतो. लोखंड समुद्रात तसंही गंजतंच. मग गंज थांबवायला तुम्ही जी वीज देत होता तीच उलटी देऊन सगळं तिथल्या तिथे विरघळवून का टाकत नाहीत?’

कलाभवनात, म्हणजे आपल्या बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हा प्रश्न पडलाच पाहिजे. मी ३१ वर्षं कॅथोडिक प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे लोखंडाला वीज देऊन त्याचा गंज थांबवण्याच्या कामात काढली. आम्ही त्याला नुसतं सीपी म्हणतो. आधी जमिनीखालच्या पाइपलाइनी, मग जेट्ट्या, शेवटची काही वर्षं समुद्रातलं काम. तेव्हा उत्तर आधी सांगते आणि मग कारणं. अख्खा सांगाडा विरघळवायचा असेल तर नाही, कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण सांगाडा धरून ठेवणारी एखादी गाठ, एक कडं, एक अडकलेला बोल्ट विरघळवायचा असेल तर हो. आणि तसं लोक करतातही, फक्त तेलवाल्यांपेक्षा दुसरेच जास्त करतात.

उलटी वीज दिल्यावर काय होतं हे मी पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहिलंय. नोकरीची पहिली काही वर्षं. बडोद्याबाहेरच्या एका कारखान्यात आगीच्या पाण्याची जमिनीखालची लाइन होती, तिला आमची सीपी. टीआर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर, दुरुस्तीला गेला होता. परत आणून बसवताना दोन केबली अदलाबदल झाल्या. पाइप जायला हवा ऋण टोकाला, अ‍ॅनोड, म्हणजे प्रवाह सोडणारा जमिनीत पुरलेला तुकडा, धन टोकाला, झालं उलटं. मी बघायला गेले तेव्हा मीटरवर वीस अ‍ॅम्पियर. प्रवाह वाहतोय ना, मग झालं, असं म्हणून वहीत आकडा टिपला आणि घरी आले. रेफरन्स सेल बॅगेतच राहिला. तो जमिनीला टेकवून पोटेन्शियल मोजलं असतं तर उणे ०.८५ व्होल्टच्या जागी भलतंच काही दिसलं असतं आणि तिथल्या तिथे कळलं असतं. तीन महिन्यांनी माळ्याने येऊन सांगितलं की बागेतली एक पट्टी पाणी न घालता हिरवी राहतेय.

खणलं. पाइपाला भोकं होती, पण गंजलेल्या पाइपाला असतात तशी नव्हेत. तांबेरा नाही, खपल्या नाहीत. अंगठ्याएवढी, कड सुरीने कोरल्यासारखी. आणि भोकापासून बोटभर अंतरावरचं कोटिंग सोलून बघितलं तर खालचं लोखंड कारखान्यातून आल्यासारखं कोरं. कोटिंगमध्ये जी उघडी जागा राहते तिला आम्ही ‘हॉलिडे’ म्हणतो. रंगाऱ्याने तेवढ्या ठिपक्यावर सुट्टी घेतली असं समज. सगळा प्रवाह त्या सुट्टीच्या जागांतून बाहेर पडला होता आणि जाताना लोखंड घेऊन गेला होता. बाकी पाइप शाबूत.

आता हिशेब कर. फॅरडेचा नियम तुला पाठ असेल. तो वापरून एकदा आकडा काढून ठेव, जन्मभर पुरतो. एक किलो लोखंड विरघळवायला सुमारे ९६० अ‍ॅम्पियर-तास लागतात. एक अ‍ॅम्पियर वर्षभर वाहिला तर ९ किलोच्या थोडं वर लोखंड जातं. माझे वीस अ‍ॅम्पियर, नव्वद दिवस: ४३,२०० अ‍ॅम्पियर-तास, म्हणजे ४५ किलो. एका बोटाएवढ्या केबलीतल्या विजेने पंचेचाळीस किलो पोलाद गेलं आणि मला पत्ता नव्हता. म्हणजे तुझी कल्पना शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. घोडं अडतं ते प्रमाणापाशी.

समुद्रातल्या प्लॅटफॉर्मच्या पाण्याखालच्या लोखंडी सांगाड्याला जॅकेट म्हणतात. हजार टनांचं जॅकेट धर. यात काही मोठेपणा नाही, मध्यमच. वर्षभरात ते विरघळवायचं तर १,१०,००० अ‍ॅम्पियर अखंड, रात्रंदिवस. असा प्रवाह अ‍ॅल्युमिनियम गाळणाऱ्या कारखान्यात असतो आणि तिथे तो वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या माणसाच्या कमरेएवढ्या जाड असतात. तो समुद्रात, जुन्या प्लॅटफॉर्मवर, ज्याचं जनरेटर आधीच काढून नेलंय. बरं, व्होल्टेज कमी लागतं हे खरं. पाच व्होल्ट धरले तर टनामागे ४,८०० युनिट. आणि भंगार पोलाद विजेच्या भट्टीत वितळवून नवं करायला टनाला साधारण ४०० ते ५०० युनिट पुरतात. म्हणजे लोखंड नाहीसं करायला, ते पुन्हा वापरात आणण्याच्या दहापट वीज. आपल्याकडून खंबाताचं आखात ओलांडलं की समोर अलंग आहे. तिथे १९८३ पासून जहाजं तोडून त्यांचं पोलाद विकतात. कुठल्याही भंगारवाल्याला हा हिशेब सांगून बघ, तो तुला चहा पाजून घरी पाठवेल.

‘मग वीज नको, नुसते अ‍ॅनोड काढून घ्या,’ असं तू पुढे लिहिलंयस. जॅकेटला पाण्याखाली बहुतेक वेळा रंग नसतोच. ॲल्युमिनियम-जस्त-इंडियमच्या मिश्रधातूचे लांबट ठोकळे जागोजागी वेल्ड केलेले असतात, ते स्वतः झिजतात आणि पोलादाला वाचवतात. ते काढले की पोलाद उघडं पडेल, कबूल. पण सतत पाण्याखाली असलेलं उघडं पोलाद समुद्रात वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं. नळीची जाडी २५ मिलिमीटर असेल तर अडीचशे वर्षं. लाटांचे फटकारे बसतात त्या पट्ट्यात वेग कितीतरी जास्त, पण तो पट्टा काही मीटरचा. खाली चिखलात प्राणवायूच नाही. शिवाय तीस वर्षांच्या सीपीने त्या पोलादावर एक पांढरं कवच चढलेलं असतं, कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसतं तसलंच. अ‍ॅनोड गेले तरी ते कवच काही काळ राखण करत राहतं.

तुझ्या मित्राने जीवाणूंचं सुचवलंय. त्याला टायटॅनिक दाखव. १९१२ साली बुडालं, ३,८०० मीटर खोल पडलंय, सीपी कधी नव्हती. त्यावरून काढलेल्या गंजाच्या लोंब्यांत २०१० मध्ये एक नवी जात सापडली, तिला नावच मिळालं हॅलोमोनास टायटॅनिकी. शंभरावर वर्षं ही मंडळी तिथे जेवतायत आणि नाळेकडचा भाग अजून ओळखू येतो. चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू पोलादाला खड्डे पाडतात, त्यांचा त्रास मी पुष्कळ काढलाय. पण त्यांना तारीख-वार देता येत नाही. माझं काम लवकर संपवा म्हणून त्यांच्याकडे अर्ज करता येत नाही.

तिसरा मार्ग तांब्याचा. पोलादाला तांबं जोडलं की पोलाद जास्त वेगाने झिजतं, हे तू पहिल्या वर्षाला शिकलास. पण तो वेग तांब्याच्या पृष्ठभागावर पोचणारा प्राणवायू ठरवतो. समुद्राच्या पाण्यात चौरस मीटरला ०.२ अ‍ॅम्पियर मिळाला तरी पुरे म्हणायचं. वर्षाला एक टन पोलाद खायचं तर ११० अ‍ॅम्पियर, म्हणजे साडेपाचशे चौरस मीटर तांब्याचा पत्रा. एका टनाला! आपला अख्खा वाडा तांब्याने मढवून निघेल आणि वर देवघराला कळस होईल.

हे सगळं पैशाचं झालं. पण समज कोणी पैसे टाकायला तयार झाला, तरीही मी सही करणार नाही, आणि त्याचं कारण त्या कारखान्यातल्या भोकांत आहे. विजेने होणारी झीज कधीही सारखी होत नाही. कॅथोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, समोर जे तोंड असेल ते आधी खाल्लं जातं; आडोशाच्या कोपऱ्यात, जिथे तीन-चार नळ्या एकत्र येतात त्या सांध्यांच्या बगलेत, प्रवाह पोचतच नाही. बंद नळीच्या आतल्या बाजूला तर काहीच होत नाही. कोटिंग असलेल्या पाइपलाइनीत हॉलिडेजपाशी चाळण होते आणि मधले पट्टे नव्यासारखे राहतात. म्हणजे पाच वर्षांनी तुझ्याकडे काय उरतं? नाहीसं झालेलं जॅकेट नव्हे. अर्धवट खाल्लेलं जॅकेट, ज्याचा एक पाय शाबूत, दुसरा कागदासारखा, आणि कुठला कोणता हे वरून कळत नाही.

आणि मग ते उचलताही येत नाही. आज जुनं जॅकेट काढतात तेव्हा क्रेनची कडी कुठे अडकवायची, कुठला सांधा किती टन पेलेल, याचं गणित मूळ जाडी धरून करतात. गंजाने जाडी गेली की तो हिशेब संपला. डायव्हर त्याच्याजवळ जायला तयार होणार नाही आणि मी त्याला जा म्हणणार नाही. खालून तुटलेल्या नळ्यांची धारदार टोकं वाळूत उभी राहतील. वेरावळ, मांगरोळच्या ट्रॉलरचं जाळं त्यात अडकलं तर जाळं जाईल किंवा बोट कलंडेल. उभं जॅकेट नकाशावर असतं, त्यावर दिवा असतो, मच्छीमार त्याला वळसा घालून जातो. अर्धा मेलेला सांगाडा जास्त वाईट.

प्रवाहाची आणखी एक खोड आहे. तो आपण म्हणू त्याच वाटेने जात नाही. मुंबई हायसारख्या क्षेत्रात तळावर पाइपलाइनींचं जाळं आहे, त्यातल्या बऱ्याच चालू आहेत. तू एका मेलेल्या जॅकेटमध्ये हजारो अ‍ॅम्पियर सोडलेस की त्यातले काही शेजारच्या जिवंत पाइपात शिरतील, त्याच्या अंगाने लांबवर जातील आणि जिथे पाइप सोडून पाण्यात उतरतील तिथे त्याला भोक पाडतील. याला भटका प्रवाह म्हणतात. जमिनीवर डीसी रेल्वेच्या रुळांजवळ याचा अनुभव घेतलेला माणूस आयुष्यभर शहाणा होतो. मेलेल्याला जाळताना जिवंत शेजाऱ्याचं घर पेटवण्यातला प्रकार.

लोखंड समुद्राला विष नाही, हे तुझं म्हणणं मी मान्य करते. २००९ साली आपल्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी लोहाफेक्स नावाच्या प्रयोगात दक्षिण महासागरात लोहाचं मीठ मुद्दाम सोडलं होतं, वनस्पती-प्लवक वाढतं का बघायला. पण जॅकेट आणि पाइपलाइन म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. पाइपावर तीन थरांचं पॉलिइथिलीन असतं, इपॉक्सी असतं, वर वजनासाठी सिमेंट काँक्रीटचं वेष्टन. लोखंड विरघळलं की प्लॅस्टिकची रिकामी नळी उरते, ती तुकडे होत फिरत राहते. उत्पादनाच्या पाइपांत आतून क्षारांचा थर बसतो, त्यात कधी रेडियम असतं. वायूच्या लाइनीत पोलादाच्या अंगात पारा मुरलेला असू शकतो. हे सगळं पोलाद घट्ट धरून आहे तोवर किनाऱ्यावर आणून नीट वेगळं करता येतं. पोलादच विरघळवलंस तर तू ती थैली फाडलीस.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुझ्या परीक्षेला नाही पण नोकरीला उपयोगी पडेल. १९५८ च्या जिनिव्हा कराराने सरळ म्हटलं होतं की सोडून दिलेली बांधकामं संपूर्ण काढा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने ते थोडं सैल केलं. मग १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आकडे घातले: ७५ मीटरपेक्षा कमी पाण्यात, ४,००० टनांपेक्षा हलकं असेल तर पूर्ण काढायचं, १ जानेवारी १९९८ नंतर उभारलेल्यांना हीच मर्यादा १०० मीटरची. काही भाग ठेवलाच तर त्याच्यावर ५५ मीटर मोकळं पाणी हवं. आणि त्याच दस्तऐवजात माझ्या आवडीचं कलम आहे: त्या तारखेनंतर असं काहीही उभारायचंच नाही जे पुढे पूर्ण काढता येणार नाही. उत्तर समुद्रात १९९५ मध्ये ब्रेंट स्पार नावाची तेलसाठ्याची तरंगती टाकी खोल पाण्यात बुडवायला निघाले होते, ग्रीनपीसची माणसं तिच्यावर चढून बसली, युरोपभर गदारोळ झाला आणि अखेर ती नॉर्वेत नेऊन धक्क्याच्या पायात वापरली. १९९८ मध्ये तिकडच्या देशांनी टाकून द्यायलाच बंदी केली, फक्त १०,००० टनांवरच्या जुन्या जॅकेटांना सवलतीची फट ठेवून. आपल्याकडे पहिलं मोठं काम समुद्रातल्या ताप्ती वायूक्षेत्रात झालं, तिथले विहिरींच्या तोंडावरचे प्लॅटफॉर्म उचलून आणले. कायदा कुठलाही बघ, ‘इथेच गंजू द्या’ म्हणजे टाकून देणंच. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर पाचशेहून जास्त जुनी जॅकेटं माशांसाठी कृत्रिम खडक म्हणून ठेवली आहेत, पण ती साफ करून, ठरलेल्या जागी. तिथे तर गंज नकोच असतो, उलट जितकं टिकेल तितकं बरं.

आता जिथे मी हो म्हणते तिकडे येऊ.

समुद्रशास्त्रज्ञ तळावर यंत्रं ठेवतात, वजन बांधून. महिन्या-दोन महिन्यांनी ती वर आणायची असतात. यंत्र आणि वजन यांच्यामध्ये एक बारीक तार असते. वरून आवाजाचा इशारा दिला की यंत्रातली बॅटरी त्या तारेला धन टोकाशी जोडते. काही मिनिटांत समुद्राचं पाणी ती तार खाऊन टाकतं, यंत्र सुटतं, तरंगत वर येतं. मोटर नाही, गिअर नाही, जाम होणारं काही नाही. मच्छीमारांच्या काही सापळ्यांत याहून साधी युक्ती असते: दोन धातूंची जोडलेली कडी, बॅटरीशिवाय, ठरावीक दिवसांत आपोआप झिजून सुटणारी. हा मुद्दाम घडवून आणलेला गंजच आहे, तुझ्या प्रश्नातला. फक्त इथे तो ग्रॅमांत आहे.

तेलवाल्यांकडेही आहे, पण विहिरीच्या आत. खडक फोडायच्या कामात विहिरीत टप्प्याटप्प्यावर बुचं आणि गोळे बसवतात. काम झालं की ते काढायला पूर्वी ड्रिल घालून भुगा करावा लागे. आता मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे गोळे मिळतात, त्यात निकेल किंवा तांबं थोडंसं मिसळलेलं. मॅग्नेशियम शुद्ध ठेवायला लोक आयुष्य घालवतात कारण निकेलचा अंश आला की ते झपाट्याने गंजतं. इथे तोच दोष मोजून-मापून घातलाय. गरम खाऱ्या पाण्यात काही दिवसांत गोळा विरघळतो. हे का जमतं याकडे लक्ष दे. गंज शेवटी आठवला नाही, मिश्रधातू ओतताना ठरवला. आणि त्या गोळ्याला काही दिवसच काम करायचंय. आपल्या जॅकेटच्या बोल्टला तीस वर्षं बिलकूल गंजायचं नाही आणि मग तीस दिवसांत संपायचं आहे. असा धातू नाही. असा स्विच मात्र असू शकतो: बोल्ट बाकी सांगाड्यापासून विजेने वेगळा ठेवलेला, आयुष्यभर एका केबलीने सीपीला जोडलेला, आणि शेवटी तीच केबल धन टोकाला. माझ्या त्या कारखान्यातली चूक, पण ठरवून केलेली. पूर्ण काढता येईल असंच उभारा, हे माझ्या आवडीचं कलम पाळायला हे मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. तरी एक धोका आहे, कोणीतरी मधल्या तीस वर्षांत केबली अदलाबदल करेल. मी केल्या नव्हत्या, पण मी पाहिल्याही नाहीत.

उभ्या असलेल्या जुन्या जॅकेटचं काय? त्याचे पाय तळात ठोकलेल्या पाइलांनी, म्हणजे जाड पोलादी नळ्यांनी, धरलेले असतात. पाइल चिखलाच्या खाली कापावी लागते. अमेरिकेत १५ फूट खाली असा नियम आहे. आज हे वाळू मिसळलेल्या पाण्याच्या झोताने, हिऱ्याच्या तारेने किंवा स्फोटकांनी करतात. विजेने करायचं तर गणित बघ. ४८ इंच व्यासाची पाइल, भिंत ५० मिलिमीटर, आणि आपल्याला फक्त १० मिलिमीटर रुंदीचं कडं खायचंय. लोखंड भरतं साडेचौदा किलो. १३,९०० अ‍ॅम्पियर-तास. म्हणजे ५८० अ‍ॅम्पियर, चोवीस तास. हजार टनांचा आकडा आठव आणि हा बघ. अख्खं जॅकेट सोडवायला आठ पाइलांचं सव्वाशे किलोच्या आत लोखंड खावं लागेल. गोधडी उसवायची तर दोरा ओढ, कापड कुरतडू नकोस.

कागदावर सुंदर आहे. करताना काय होईल ते सांगते. कॅथोडचं कडं पाइलच्या आतल्या भिंतीपासून सगळीकडे सारखं, बोटापेक्षा कमी अंतरावर धरावं लागेल, नाहीतर जवळच्या बाजूला भोक आणि लांबच्या बाजूला अर्धी भिंत. वरची-खालची भिंत रबराच्या बाहीने झाकावी लागेल, नाहीतर प्रवाह इकडेतिकडे पसरून कडं खाण्याऐवजी मीटरभर पट्टा खरवडेल. साडेचौदा किलो लोखंडाचा तेवीस किलोंच्या वर चिखल होतो, लोहाचा हायड्रॉक्साइड, तो सतत पाण्याने उपसला नाही तर फटीत बसतो आणि काम थांबतं. कॅथोडवर जवळपास सहा घनमीटर हायड्रोजन निघेल; तो बंद पाइलमध्ये वर साचला आणि कोणी वर गॅस कटर लावला तर पुढचं मी लिहीत नाही. कारखान्यात असंच यंत्रकाम करतात, टर्बाइनची पाती विजेने कोरतात, पण तिथे अंतर मिलिमीटरहून कमी, पाणी गाळलेलं आणि कारागीर शेजारी उभा.

आणि सगळ्यात मोठी अडचण घड्याळाची. पाण्याचा झोत तेच कडं काही तासांत कापतो. समुद्रातल्या कामात खर्च असतो तो जहाज उभं ठेवण्याचा. विजेचं काम चोवीस तास चालणार आणि जहाज तिथेच असेल तर ते हरलंच. जिंकायचं एकाच रीतीने: उपकरण उतरवून जहाज निघून जाईल, वीज प्लॅटफॉर्मवरून किंवा बॅटरीतून येत राहील, आणि आठवड्याने येऊन नुसतं उचलायचं. शिवाय जिथे देवमाशांमुळे स्फोटकं चालत नाहीत, जिथे झोताचं यंत्र जागेत मावत नाही, तिथे. मी स्वतः वापरलं तर त्याहून लहान कामाला वापरेन: तळावरच्या व्हॉल्व्हच्या क्लॅम्पचा बोल्ट जाम झालाय, हायड्रॉलिक पाना फिरत नाही, रोबोटच्या हातात मोठी करवत बसत नाही. बोल्टभोवती टोपी घातली, शे-दोनशे अ‍ॅम्पियर सोडले, किलोभर लोखंडाला पाच-दहा तास. रोबोटने तोवर दुसरं काम करावं.

विहिरी बंद करायच्या कामातही ही कल्पना लोकांना भुरळ घालते. विहीर कायमची बंद करताना सिमेंटचं बूच खडकापासून खडकापर्यंत हवं, म्हणून मध्ये असलेल्या केसिंगचा, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तराच्या नळीचा, तुकडा दळून काढतात. त्या दळण्यातून लोखंडाचा कीस निघतो, तो वर येताना सुरक्षेच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मग दळण्याऐवजी विरघळवा. ९ ५/८ इंची केसिंग मीटरला साधारण ७० किलो. पन्नास मीटरची खिडकी म्हणजे साडेतीन टन. दोन हजार अ‍ॅम्पियर दिलेस तरी सत्तर दिवस. रिग सत्तर दिवस उभी ठेवायला कोण देणार? रिग हलवून वीज मागे ठेवता आली तर बोल, नाहीतर नको.

तुला हे कागदावर पटणार नाही, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये करून बघ. स्टेनलेस स्टीलची तार घेऊ नकोस. तिच्यातला क्रोमियम या खेळात विषारी रूपात बाहेर पडू शकतो. बांधकामावरची साधी बाइंडिंग तार घे, एक मिलिमीटरची, वीतभर लांबीचे दोन तुकडे. एका तुकड्याला नेलपॉलिशचे तीन हात दे आणि मधोमध फक्त पाच मिलिमीटर उघडे ठेव. दुसरा तसाच उघडा. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, कॅथोडला कुठलाही लोखंडी पत्रा, प्रवाह ०.१ अ‍ॅम्पियरवर बांधून ठेव आणि खिडकी उघडी ठेव. गणिताने ती पाच मिलिमीटर तार संपायला अठरा मिनिटं लागतात. ती त्याआधीच तुटेल. का तुटेल ते तू मला सांग. मग दुसरी तार लाव, तेवढाच प्रवाह, तेवढाच वेळ. काढून पुस आणि मायक्रोमीटरने जाडी मोज. दोन्हींचे आकडे घेऊन ये, आणि दिवाळीपासून तुझ्याकडे असलेला माझा रेफरन्स सेलही.